मॅट्रिकच्या पुढची वेस



दरसाल दहावी-बारावीचा निकाल लागला की प्रस्थापितांच्या वर्तमानपत्रांना आमच्या वस्त्यांची आठवण होते. एरवी आमचं नाव छापून येतं ते अत्याचाराच्या बातमीत, तेही आतल्या पानावर, चार ओळींत. निकालाच्या दिवसांत मात्र फोटो! पत्र्याच्या खोलीपुढं उभं राहिलेलं पोर, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली आई, हातात कुणीतरी टेकवलेला पेढा. वर मथळा ठरलेला. हलाखीवर मात. परिस्थितीशी झुंज. कचरा वेचणाऱ्या बाईच्या मुलीचं यश. दुसऱ्या दिवशी नगरसेवक शाल घेऊन येतो, वह्यांचा गठ्ठा देतो, फोटो काढून घेतो आणि जातो. तिसऱ्या दिवशी तेच पोर अकरावीचा फॉर्म घेऊन कुठल्या दारात ताटकळतंय, हे बघायला कुणी काळं कुत्रं येत नाही.

मला ह्या कौतुकाचा राग येतो. पोराचा नाही. पोर आपलं आहे, त्यानं रक्त आटवलंय. राग येतो तो मथळ्याचा. 'परिस्थिती' हा शब्द बघा कसा गुळगुळीत आहे. जशी काही ती गारपीट आहे, आभाळातून पडली, ना कुणाचा हात ना कुणाचा गुन्हा. अरे, आमची परिस्थिती आभाळातून पडलेली नाही. ती ह्याच मातीत, हिशोबानं, पिढ्यान्‌पिढ्या तयार केलेली आहे. जमीन कुणाच्या नावावर आणि त्या जमिनीवर वाकलेली पाठ कुणाची, हे ज्यांनी ठरवलं त्यांना पत्ता आहे, आडनाव आहे, सात-बारा आहे. त्याबद्दल मथळ्यात अवाक्षर नाही. जखम केली कुणी ते विचारायचं नाही आणि जखमी माणूस लंगडत का होईना चालला म्हणून टाळ्या पिटायच्या, असला हा धंदा आहे.

आणि ह्या टाळ्यांमागं एक डाव आहे. एका पोरानं 'जिद्दीनं' करून दाखवलं की बाकीच्यांना सांगता येतं, बघा, तो करू शकला, तुम्ही का नाही? म्हणजे वसतिगृह नाही हा सरकारचा दोष राहत नाही. शिष्यवृत्ती परीक्षा उलटून गेल्यावर आली हा खात्याचा दोष राहत नाही. दोष तुमचा. तुमच्यात जिद्द कमी!

०००

मी माझं थोडं सांगतो. कौतुक करून घ्यायला नाही, मुद्दा त्याशिवाय उघडा पडत नाही म्हणून.

आमच्या वस्तीतून त्या वर्षी आम्ही सहाजण दहावी पास झालो. चार पोरं, दोन पोरी. सगळ्यांच्या घरी तेच. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली आईबापं कोयता घेऊन कारखान्यावर जायची आणि उन्हाळा लागला की परत यायची. मधले सहा महिने आम्ही म्हातारीच्या हाती. सहाजणांतले बारावीपर्यंत पोचलो दोघं. पदवीला मी एकटा.

आता माझा सत्कार झालाय दोनदा. जिद्दी, होतकरू, वगैरे वगैरे. मग ती पाचजणं काय बिनजिद्दीची होती? त्यांतल्या एका पोरीला माझ्याहून अकरा मार्क जास्त होते. गणिताला तर ती माझी मास्तरीण होती, वहीत बघून नाही, तोंडी करायची. कॉलेज तालुक्याला. शेवटची एस.टी. शेवटच्या तासाच्या आधी सुटायची. मुलींच्या वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव लागलं नाही, जागा संपल्या होत्या. बाप म्हणाला, रस्त्यावरून एकटी येईल-जाईल, पण रस्ता कुणाचा आहे ते मला ठाऊक आहे. त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. आपल्या पोरींनी सायकलीवरून मान वर करून जावं हे ज्यांना खपत नाही, ते त्याच रस्त्याच्या पारावर बसलेले असतात. पुढच्या हंगामात ती कोयत्यावर गेली, नवऱ्याबरोबर. तिचा फोटो कुठल्याच पेपरात आला नाही.

आणि मी कसा तरलो? वसतिगृहाच्या पहिल्या यादीत माझंही नाव नव्हतं. पण शेजारच्या गावचा एक सीनियर तिथं होता, त्यानं आपली वळकटी भिंतीकडं सरकवली. त्याच्या खोलीत मी सबंध वर्ष 'पॅरासाइट' म्हणून काढलं. वसतिगृहात राहिलेल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. नावावर खोली नसलेला, दुसऱ्याच्या खोलीत लपून राहणारा, तो पॅरासाइट. रात्री गृहपाल तपासणीला आला की गच्चीवर पळायचं. एक डबा दोघांत. सकाळी खानावळीत ताटं विसळायची, दुपारी वर्ग. ऑफिसात गेलं की कारकून सगळ्यांदेखत ओरडायचा, आले सरकारचे जावई! फ्रीशिपवाले मागं उभे राहा, आधी पैसे भरणारे. पहिल्या वर्षाची शिष्यवृत्ती माझ्या हातात पडली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाची चाचणी देऊन बसलो होतो.

तर फरक हा एवढाच. त्या पोरीच्या आणि माझ्या नशिबात जिद्दीचा फरक नव्हता. साडेपाच फूट फरशीचा होता. ती मला मिळाली, तिला मिळाली नाही. सीनियरनं वळकटी सरकवली नसती तर मीही आज टोळीतच असतो, आणि हा लेख कुणी लिहिला नसता.

०००

ही फरशी हाच आपल्या शिक्षणाचा सगळा इतिहास आहे. आम्हांला तो भलत्याच पद्धतीनं शिकवला जातो. बाबासाहेबांचंच घ्या. दिव्याखाली अभ्यास करणारे, अठरा-अठरा तास वाचणारे बाबासाहेब कॅलेंडरवर छापतात. ते खरंच आहे. पण १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्यामागं रामजी सुभेदार होते, लेकींचे दागिने गहाण टाकून पुस्तकं आणणारे. केळुसकर गुरुजी होते, ज्यांनी सयाजीरावांपर्यंत शब्द पोचवला. मग बडोद्याची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती होती, आणि १९१३ साली कोलंबियाला जायला पुन्हा बडोद्याचीच. एवढी प्रचंड बुद्धी, तिलासुद्धा शिष्यवृत्ती लागली! मग तुम्हाआम्हांला ती मागताना लाज कसली वाटते?

आणि ह्या माणसानं शिकून आल्यावर काय केलं ते बघा. मी जिद्दीनं शिकलो, तुम्हीही शिका, असं सांगत ते गावोगाव हिंडत बसले नाहीत. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि लगेच १९२५ साली सोलापुरात वसतिगृह उघडलं. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री झाले, तेव्हा अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारच्या तिजोरीत हात घातला. १९४४ साली सुरू झालेली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आजही आपली पोरं जिचा फॉर्म भरतात ती, त्या काळातली आहे. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, नोकरी करणाऱ्या पोरांना सकाळी शिकता यावं ह्या हिशोबानं तिथं वर्ग भरायचे. १९५० साली औरंगाबादला मिलिंद. निजामाच्या अमलातून नुकत्याच सुटलेल्या त्या मुलखात आमच्या बापजाद्यांनी कॉलेजची पायरी पाहिली ती नागसेनवनात. तिथं कॉलेजाइतकंच महत्त्व वसतिगृहाला होतं, कारण उपाशी पोटी आणि उघड्यावर झोपून बी.ए. होत नाही, हे त्या माणसाला स्वतःच्या अंगावरून ठाऊक होतं.

त्यांच्याआधीही तेच. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं रोकडा हिशोब मांडला : शेतसारा भरतो कुणबी-शूद्र, आणि त्या पैशावर वरचं शिक्षण घेतो भटजीचा पोर. त्याच्याही आधी, १८५५ साली, त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे नावाच्या मातंगाच्या पोरीनं महार-मांगांच्या दुःखाबद्दल निबंध लिहून पेशवाईची लक्तरं बाहेर काढली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१पासून एकेका जातीसाठी बोर्डिंगं काढली, १९०८ साली अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढलं. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणली. ह्यांपैकी कुणीही 'परिस्थितीवर मात करा' म्हणून पाठीवर थाप मारून गप्प बसलं नाही. छप्पर दिलं. भाकरी दिली. फी भरली. ज्याला जे लागतं ते दिलं, आणि मग म्हणाले, आता शिक.

शत्रूलाही ह्याची किंमत बरोबर कळते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यात आमची घरं पेटली. पोचिराम कांबळेला मारलं. माणसं वस्त्या सोडून परागंदा झाली. कशासाठी? कमानीवरच्या चार अक्षरांसाठी. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, सोळा वर्षं. बांधाचं भांडण नव्हतं, पाण्याचं नव्हतं, कॉलेजच्या दारावर नाव कुणाचं एवढंच होतं. आपल्यातले काही शहाणे म्हणतात, शिकून काय होतं, नोकऱ्या कुठं आहेत? त्यांना माझं सांगणं आहे, शिकून काय होतं हे ज्यांनी आपली घरं जाळली त्यांना विचारा. त्यांना पक्कं ठाऊक आहे.

०००

आता आजचं बघू. कारण इतिहासाचा जयजयकार करून ह्या वर्षीच्या पोराची फी भरली जात नाही.

पहिली वेस कागदाची. ज्यांच्या आज्यापणज्याला पाटी हातात धरू दिली नाही, त्यांच्याकडं सरकार कागद मागतं. जातवैधतेसाठी १० ऑगस्ट १९५० आधीचा वास्तव्याचा पुरावा द्या! आजा शाळेतच गेला नसेल तर निर्गम उतारा कुठून आणायचा? मग कोतवाल बुकाची नक्कल काढा, गाव नमुना १४ शोधा. थट्टा बघा. गावच्या जन्ममृत्यूच्या खबरा ज्या महारानं उन्हातान्हात वाहिल्या, त्याच्याच नातवाला आज त्या बुकातली स्वतःच्या घराण्याची ओळ मिळवायला तहसिलात खेटे घालावे लागतात. बुक मिळालं तर मोडी वाचणारा मिळत नाही. वाचणारा मिळाला तर पान उंदरांनी खाल्लेलं. आज्याच्या नोंदीत महार आणि नातवाच्या दाखल्यात बौद्ध, म्हणून पुन्हा वेगळी चौकशी. धम्म घेतला म्हणून केंद्राच्या सवलतींचं दार आम्हांला १९९० सालापर्यंत बंद होतं, ही शिक्षा आमच्या दोन पिढ्यांनी भोगलेली आहे. खोट्या दाखल्यांवर आमच्या जागा लाटणारे आहेत, त्यांना पकडायलाच हवं, तपासणी हवीच. पण चोर सुटतो आणि साव रांगेत उभा राहतो, हे कसलं न्यायदान?

दुसरी वेस पैशाची. जरा आकडे घेऊन बसू या, कारण आपल्याला भावनेनं बोलायची सवय आहे आणि साहेब लोक आकड्यांनी फसवतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत दिल्लीनं बरीच वर्षं एक गोम ठेवली होती. मागची पंचवार्षिक योजना संपताना जेवढा खर्च झाला तेवढा बोजा कायमचा राज्याच्या डोक्यावर टाकायचा, त्याच्यावर जे लागेल तेवढंच केंद्र देणार. असं करत करत केंद्राचा हात आखडत गेला. २०१७-१८ ते २०१९-२० ह्या तीन वर्षांत सबंध देशासाठी केंद्राचे वर्षाला सुमारे १,१०० कोटी. ओरड झाली, आंदोलनं झाली, तेव्हा डिसेंबर २०२०मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ६० टक्के केंद्र आणि ४० टक्के राज्य अशी वाटणी ठरवली आणि पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना जाहीर केली. त्या वेळी सरकारनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं की दहावीच्या पुढं शिक्षण चालू न ठेवणारे अतिगरीब विद्यार्थी १.३६ कोटी आहेत, त्यांना पाच वर्षांत आत आणू. एक कोटी छत्तीस लाख! मित्रांनो, हा आकडा पाठ करा. प्रत्येक फोटो छापून आलेल्या पोरामागं हे एवढे बिनफोटोचे उभे आहेत.

आणि त्या योजनेत पोराच्या हातात निर्वाहाला काय? २०२१च्या नियमांप्रमाणे अकरावी-बारावीच्या पोराला वसतिगृहात राहिला तर वर्षाला ४,००० रुपये, घरून येत असेल तर २,५००. साध्या बी.ए., बी.कॉम.ला वसतिगृहात ६,०००, घरून ३,०००. बारानं भागा. २,५०० म्हणजे महिन्याला २०८ रुपये! तालुक्याला जायचा एस.टी.चा पास, वह्या, झेरॉक्स, दुपारचा वडापाव, सगळं दोनशे आठ रुपयांत. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. म्हणजे सफाई खात्यात कायम झालेल्या बापाच्या पोरानं मेडिकलला नंबर लावला की तो एकदम श्रीमंत!

वसतिगृहात जागा मिळाली नाही तर महाराष्ट्रात स्वाधार योजना आहे, बाबासाहेबांच्या नावाची, जानेवारी २०१७च्या शासननिर्णयानं सुरू झालेली. त्या निर्णयात मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० ठरवले. भोजनाला ३२,०००, राहायला २०,०००, निर्वाहाला ८,०००. कल्पना चांगली, मी नावं ठेवत नाही. पण पुण्यात वीस हजारांत वर्षभर खोली देणारा घरमालक कुणाला सापडला तर आम्हांला कळवा, त्याचा सत्कार करू. त्यात घरमालक आधी आडनाव विचारतो, मग खोली भरली म्हणतो. आणि पैसे येतात ते सालाच्या शेवटी, कधी पुढच्या सालात. पोट काय थकबाकीवर चालतं? मेसवाला महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागतो, मंजुरीचा कागद चाटत नाही.

त्यात आता सगळं पोर्टलवर. महाडीबीटी. आधार जोडा, बँक जोडा, उत्पन्नाचा दाखला चढवा, व्हाउचर रिडीम करा. वस्तीत रेंज नाही, घरात एक मोबाईल, तो बाप कामावर घेऊन जातो. तारीख उलटली की अर्ज बाद. पूर्वी कारकून खेकसायचा, त्याला निदान तोंड होतं, त्याच्या टेबलावर मूठ आपटता यायची. आता पोर्टल खेकसतं आणि कुणाच्या नरड्याला धरावं ते कळत नाही.

तिसरी वेस कॉलेजच्या आतली. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि साखरसम्राटांचे शिक्षणसम्राट झाले. त्यांच्या गेटातून आत गेलेल्या आपल्या पोराला पहिल्या दिवशीच विचारतात, सीईटीला किती, कॅटेगरी कोणती? २००७ साली सुखदेव थोरात समितीनं दिल्लीच्या एम्समध्ये आपल्या विद्यार्थ्यांशी कसा दुजाभाव होतो ते उजेडात आणलं. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याची शिष्यवृत्तीची रक्कम थकलेली होती, आणि वसतिगृहातून काढल्यावर तो सोबत्यांबरोबर उघड्यावर झोपत होता. मे २०१९मध्ये मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. आदिवासी घरातली, डॉक्टरकीच्या वरच्या शिक्षणाला पोचलेली पोर. ह्यांच्यात जिद्द नव्हती असं म्हणायची कुणाची छाती आहे? सगळ्या वेशी ओलांडून गेलेली ही लेकरं होती. परिस्थितीवर त्यांनी मात केली होती. माणसांनी त्यांना जगू दिलं नाही.

०००

आता घरातलं बोलू, कारण दुसऱ्याला शिव्या घालून झाल्यावर आपण नेहमी सतरंजी गुंडाळतो.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्या लोकांबद्दल दुःखानं बोलले. ते ऐकून आजही आपले साहेब लोक माना डोलावतात आणि गाडीत बसून कॉलनीत जातात. वसतिगृहाच्या फरशीवर झोपून जे क्लासवन झाले, त्यांच्यातले किती जण त्या वसतिगृहात पुन्हा फिरकले? बंगल्याला नाव 'प्रज्ञा', गेटावर पाटी 'कुत्र्यापासून सावध राहा', आणि गावचं पोर दाखल्यासाठी आलं तर साहेब मीटिंगमध्ये. बंगला बांधला म्हणून कुणी ह्यांना वाईट म्हणत नाही. आपल्या माणसानं बंगला बांधावा, दोन मजली बांधावा. पण ज्या वळकटीवर तुम्ही झोपलात ती पुढच्याला सरकवायची होती, गुंडाळून घरी न्यायची नव्हती.

आणि जयंती. भीमजयंती हा आपला सण आहे, वर्षातून एक दिवस आपण छाती काढून रस्त्याच्या मधून चालतो, तो सोडायचं मी म्हणणार नाही. नाचा, वाजवा. पण वर्गणीच्या पावतीत चार आण्यांचा हिस्सा अकरावीच्या फीचा ठेवायला कुणी अडवलंय? एका रात्रीच्या डीजेच्या भाड्यात किती पोरांच्या एस.टी.चे पास निघतात, ते मंडळाच्या खजिनदारानं एकदा पाटीवर मांडून दाखवावं.

०००

तर करायचं काय? भाषण पुरे. ह्या अंकाच्या निमित्तानं आपल्या प्रत्येक शाखेपुढं मी चार कामं ठेवतो.

एक, यादी. निकाल लागल्यापासून आठ दिवसांत वस्तीतल्या प्रत्येक दहावी-बारावी पास आणि नापास पोरापोरीची वही तयार झाली पाहिजे. नापास मुद्दाम म्हणतोय. फेरपरीक्षेचा फॉर्म भरायला त्याच्याबरोबर जाणारं माणूस नसतं, म्हणून तो कायमचा नापास होतो. वहीत नाव, मार्क, कुठला दाखला आहे, कुठला नाही, एवढं लिहा. डिसेंबरात पुन्हा वही उघडा. कोण गळालं, का गळालं, ते समोर लिहा. सरकारकडं १.३६ कोटींचा आकडा आहे, आपल्याकडं नावं असली पाहिजेत.

दोन, कागद. जातवैधतेची धावपळ बारावीच्या निकालानंतर करायची नाही. नववीतच पोराच्या आज्याची शाळा, गाव, नोंद शोधायला लागा. ज्यांच्या घरात एकाची वैधता झाली आहे त्यांच्या कागदांच्या नक्कला वस्तीत एका जागी ठेवा, भावकीतल्या दुसऱ्याला कामी येतात. बुद्धविहारात जूनभर एक टेबल, एक लॅपटॉप आणि आपलीच दोन शिकलेली पोरं बसवा. पूजेला विहार उघडतो तसा फॉर्मलाही उघडू द्या.

तीन, वसतिगृह. समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रिकाम्या किती आणि का, हे २००५च्या माहिती अधिकारात लेखी विचारा. स्वाधारचे अर्ज किती आले, पैसे कोणत्या तारखेला गेले, तेही विचारा. उत्तर आलं की ते कार्यालयाच्या दारावरच चिकटवा. उत्तर आलं नाही तर गाद्या-वळकट्या घेऊन त्याच कार्यालयाच्या आवारात मुक्काम करा. ज्यांना खोली नाही त्यांनी कुठं झोपायचं हे साहेबांनी सांगावं! मागणी साधी आहे : प्रवेशाच्या महिन्यात पैसे, मागेल त्या मुलामुलीला वसतिगृह, आणि निर्वाहभत्ता महागाईला जोडलेला. उपकार नकोत. ज्यांच्या घामावर हे राज्य उभं राहिलं, त्यांची ही थकलेली बाकी आहे.

चार, पोरी. हे शेवटी लिहिलंय, पण करायचं आधी. पोरगी दहावी झाली की तिच्या घरी शाखेनं जायचं, आणि फक्त पोरांनी जायचं नाही, आपल्या कार्यकर्त्या बाया जायला हव्यात. बापाला भाषण देऊ नका. त्याची भीती खरी आहे. त्याला सांगा, चार पोरी एकत्र जातील, शेवटच्या गाडीपर्यंत स्टँडवर आपलं माणूस उभं राहील. एस.टी.ची वेळ कॉलेजच्या वेळेशी जुळवून घ्यायला डेपोवर मोर्चा न्या. सात पोरींसाठी एक गाडी अर्धा तास उशिरा सुटली तर महामंडळ बुडत नाही. आणि कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी शिकणाऱ्या पोरीचं लग्न ठरत असेल, तर सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाच्या दारात शाखेनं बसायचं.

हे काम लहान दिसतं. ह्याच्यावर कविता होत नाही, पेपरात नाव येत नाही. पण एका वस्तीनं हे तीन वर्षं नेमानं केलं तर तिथून एक जिद्दी पोर निघणार नाही, सगळा वर्गच निघेल. मग त्यात हुशार असतील, मठ्ठ असतील, आळशी असतील, कविता करणारे असतील, एखादा गुंडही असेल, जसे पाटलाच्या आणि जोशाच्या घरात असतात. त्यांच्या मठ्ठ पोरालाही कॉलेज मिळतं ना? मग आमच्या पोरानंच दरवेळी असामान्य का असावं? आमच्या साध्या, चारचौघांसारख्या पोराला शिकता आलं पाहिजे, पोट भरून, वेळेवर झोपून, कुणापुढं हात न पसरता. लढाई त्यासाठी आहे.

पुढच्या निकालानंतर पत्रकार फोटो काढायला येतील. त्यांना अडवू नका, चहा पाजा. आणि त्यांच्या हातात ती वही ठेवा, गळालेल्यांची. म्हणा, साहेब, ह्यांचा मथळा काय करणार?

जय भीम!